सुट्टीत घरात काय वाचावं: शरीर, नाती आणि आपण

प्रश्न: मी शिक्षिका आहे, वय ४८. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा संपली की महिनाभर घरी येईल. मुलीची दहावी नुकतीच झाली. दोघांच्या हातात दिवसभर मोबाइल. लैंगिकतेवर, नात्यांवर सुट्टीत वाचायला मराठीत काय द्यावं? नेटवर भरवशाचं काय आहे? आणि आम्हा नवरा-बायकोसाठीही काही असेल तर सांगा. यांच्यापाशी विषय काढला की ‘आता या वयात काय’ म्हणून उठून जातात.

उत्तर:

ताई, पुस्तकांची नावं सांगतेच, पण सुरुवात मुलांपासून करू नका. आधी तुम्ही वाचायला घ्या. दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत वाचा आणि झाल्यावर पुस्तक तिथेच टीपॉयवर राहू द्या. मुलाच्या हातात पुस्तक ठेवून ‘हे वाच’ म्हटलं की तो ते वाचत नाही, हे शिक्षिका म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आई-बाबा एखादी गोष्ट उघडपणे वाचतात, त्यावर जेवताना दोन वाक्यं बोलतात, एवढं दिसलं तरी या घरात हा विषय काढता येतो हे मुलांना कळतं. नेमकं तेच त्यांना कुठे मिळत नाही.

इतकी वर्षं स्त्रीरोग आणि वैवाहिक समुपदेशनाचं काम केल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. तरुण मुलं माझ्याकडे येतात ती भीतीमुळे. माहिती त्यांच्याकडे ढिगाने असते, खरी-खोटी एकत्र कालवलेली. म्हणून वाचन निवडताना मी दोनच गोष्टी बघते. या पुस्तकाने भीती कमी होईल का? आणि समोरचं माणूस, त्याचं मन, त्याची इच्छा-अनिच्छा वाचणाऱ्याला दिसायला लागेल का? पहिलं काम माहितीची पुस्तकं करतात. दुसरं काम कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रं करतात आणि माझ्या लेखी ते जास्त मोलाचं आहे.

भीती कशी असते ते सांगते. हॉस्टेलवर राहणारा विशीतला एक मुलगा आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार डब्या: दोन चूर्णं, एक तेल, एक काळसर गोळ्यांची बाटली. एकीवरही घटकद्रव्यं छापलेली नव्हती. ‘धात जाते’ म्हणून एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरचा नंबर फिरवून त्याने ही औषधं घेतली होती आणि मेसचे पैसे त्यात घातले होते. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं आणि त्या हिशेबाने आपण संपत चाललोय असं त्याला वाटत होतं. वजन उतरलेलं, झोप नाही, अभ्यास नाही. त्याला झालं काहीच नव्हतं. वीर्य रक्तापासून बनत नाही. त्याचा बहुतेक भाग पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) आणि वीर्यकोशात तयार होणारा स्राव असतो, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, आणि शरीर ते सतत बनवत राहतं. झोपेत वीर्यस्खलन होणं, हस्तमैथुन करणं, यांनी अशक्तपणा येत नाही. हे ऐकून तो मुलगा ढसाढसा रडला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्याचं एक आख्खं सत्र वाया गेलं होतं.

तुमच्या मुलासाठी डॉ. विठ्ठल प्रभू यांचं ‘निरामय कामजीवन’ घ्या. मराठीत या विषयावर सरळ, सभ्य आणि वैद्यकीय भाषेत लिहिलेलं, पिढ्यांनी वाचलेलं पुस्तक आहे. काही भाग त्या काळातल्या विवाहित वाचकाला समोर ठेवून लिहिलेला वाटेल, तो तसा समजूनच वाचावा. पण शरीररचना, गैरसमज आणि लग्नाच्या सुरुवातीच्या अडचणी यांवरचं विवेचन आजही उपयोगी पडतं.

आता ज्यांच्यासाठी मी सुट्टीतला सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवायला सांगेन ते लेखक: रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२चा, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. या कामापायी कर्व्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, जवळजवळ एकहाती चालवलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तो खटला कशावरून झाला हे मुलांना जरूर सांगा: वाचकांनी हस्तमैथुन, समलैंगिकता यांबद्दल प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी त्यांना शास्त्रीय उत्तरं छापली होती. म्हणजे तुमच्या मुलाला आज गुपचूप मोबाइलवर जे शोधावंसं वाटतं, ते नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस पोस्टकार्डावर लिहून विचारत होता. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. निकाल विरोधात गेला, दंड झाला. कर्वे दंड भरून पुढच्या अंकाच्या कामाला लागले.

‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत आणि डॉ. अनंत देशमुखांनी संपादित केलेलं कर्व्यांचं लेखन पुस्तकरूपाने मिळतं. ते मांडी घालून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं वाचा. ती नेमकी आहेत, कुणाला हिणवत नाहीत, आणि स्त्रीलाही सुखाचा हक्क आहे ही गोष्ट कर्वे जितक्या सहजपणे लिहून जातात तितक्या सहजपणे आजचे सुशिक्षित पुरुषही बोलत नाहीत. मात्र त्यांतली वैद्यकीय माहिती त्या काळाची आहे. गर्भनिरोधनाची साधनं पार बदलली आहेत, गुप्तरोगांवरचे उपचारही. चांगली संतती कुणी जन्माला घालावी याविषयीची त्या काळातली काही मतं आज पटणार नाहीत, आणि पटूही नयेत. कर्व्यांकडून उपचार शिकायचे नाहीत, न लाजता आणि न घाबरता विचार कसा करायचा ते शिकायचं.

मुलीसाठी मी इतिहासातून सुरुवात करेन. सोळाव्या वर्षी ‘संमती’वरचं भाषण ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण खरी माणसं आवडतात. रखमाबाईंचा खटला तिला सांगा. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुंबईची मुलगी. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवऱ्याने कोर्टात दावा लावला. आधी निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे १८८७ साली कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढे अनेक वर्षं सुरत-राजकोटला बायकांवर उपचार केले. १८९१चा संमतिवयाचा कायदा झाला त्याच्या मागच्या वादळात हा खटला होता. तो कायदा काय होता, तर संमतीचं वय दहावरून बारा! आणि एवढ्यासाठीसुद्धा पुण्या-मुंबईत रान उठलं होतं. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेलं रखमाबाईंचं चरित्र वाचनालयात मिळालं तर अवश्य आणा. त्याला जोडून ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ द्या. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली, एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्ताने, बाईचं पाऊल वाकडं पडलं की सगळा दोष तिचाच का, असा सवाल जाहीरपणे केला. छोटंसं पुस्तक आहे, भाषा जुनी आणि झणझणीत. दोन-तीन पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलीत तर मुलगी पुढचं स्वतःच वाचेल.

शरीराची माहितीही तिला हवीच, आणि त्यात एक गोष्ट ठळकपणे. पहिल्या वेळी रक्त आलंच पाहिजे असं काही नसतं. योनिपटल हा लवचिक, मुळातच उघडा असलेला पातळ पडदा असतो. तो प्रत्येकीचा वेगळा, आणि त्यावरून ‘कौमार्य’ कळत नाही. आपल्याच राज्यात लग्नाच्या रात्री चादर तपासण्याच्या प्रथेविरुद्ध कंजारभाट समाजातली तरुण मुलंमुली उभी राहिली, तेव्हा त्यांना स्वतःच्याच लोकांकडून त्रास झाला. ‘टू फिंगर टेस्ट’ला, म्हणजे योनीत बोटं घालून ‘कौमार्य’ तपासण्याला, शास्त्रीय आधार नाही आणि ती करणं हा गैरवर्तनाचा भाग धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये निक्षून सांगितलं. हे मुलालाही सांगा. उद्या तोही कुणाचा तरी नवरा होणार आहे. लग्नाला दोन दोन वर्षं झाली तरी संबंध जमलेला नाही अशी जोडपी माझ्याकडे येतात. दोघांच्या घरून पाळण्याची घाई चाललेली असते आणि खोलीत ती दोघं घाबरून पाठीला पाठ लावून झोपलेली असतात. बऱ्याच वेळा मुळाशी पहिल्या रात्रीची हीच भीती निघते.

आता कथा-कादंबऱ्या. मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ द्या. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक मुलगा आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण दोघेही. २००६ साली आलेली ही छोटी कादंबरी तो एका दुपारी संपवेल. समलैंगिक प्रेमाबद्दल उपदेशाचं एक अक्षर त्यात नाही, प्रेमभंगाचं दुःख मात्र पुरेपूर आहे. समलैंगिक मुलाचं घर, मित्र, स्वतःशी चाललेलं भांडण जवळून समजून घ्यायचं असेल तर बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ वाचा. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचं काम त्यांनी उभं केलं, त्या अनुभवाचं बळ या पुस्तकामागे आहे. आणि आईवडील म्हणून एक लक्षात असू द्या: ही पुस्तकं टीपॉयवर असण्याचा अर्थ तुमच्या मुलांपैकी कुणी तसं असेल तर त्यालाही कळेल, आणि त्यांच्या मित्रांनाही. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं आणि कायद्याचं दार उघडलं. घरचं दार आपणच उघडायचं असतं.

तुमच्यासाठी आणि तुमच्या यजमानांसाठी गौरी देशपांडे. त्या इरावती कर्व्यांच्या कन्या, म्हणजे र. धों. त्यांचे चुलते लागतात. ‘एकेक पान गळावया’पासून सुरुवात करा. मध्यमवयात आलेल्या बाईला लग्नातून, मैत्रीतून, एकटेपणातून काय हवं असतं, हे इतक्या मोकळेपणाने मराठीत त्यांच्याआधी क्वचितच कुणी लिहिलं असेल. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ त्याहून धारदार आहे. पचायला जड जाईल, पण शरीर आणि नातं यांच्यातला ताण तिने लपवलेला नाही. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन मी प्रत्येक बाईला वाचायला सांगते. नवऱ्याकडून गुप्तरोगाची लागण होणं ही गोष्ट माझ्या टेबलापलीकडे बसून कुजबुजत सांगितली जाते, ती त्यांनी १९८४ साली स्वतःच्या नावानिशी लिहिली. हे पुस्तक मुलीला दोन-चार वर्षांनी द्या. आत्ता नको.

आणि सुट्टीत रोज एखादी वाचायला ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा, सातवाहन राजा हाल याच्या नावावर जमा असलेल्या. गोदाकाठ, शेतं, पाणवठे, आणि बऱ्याच गाथांमध्ये बोलणारी बाई. स. आ. जोगळेकरांनी मराठीत आणलेली मोठी आवृत्ती चांगल्या वाचनालयात असते. त्यातली मला सगळ्यात आवडणारी पाणपोईवरची. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे, नजर वर, पाणी घालणारीकडे. तिला जास्त वेळ बघता यावं म्हणून तो बोटं हळूहळू फाकवतो, पाणी गळून जातं. तिच्या ते ध्यानात येतं, आणि तीही धार बारीक करत जाते, आणखी बारीक. बस, एवढीच गाथा. इच्छा त्याचीही आहे, तिचीही आहे, कुणी कुणावर झडप घालत नाही. पोर्नमध्ये जे कधीच दिसत नाही ते या दोन ओळींत आहे: दुसऱ्याचा होकार ओळखण्यात वेळ घालवणं, आणि त्या वेळातच आनंद असणं. मुलाशी पोर्नबद्दल बोलायचं धाडस होत नसेल तर ही गाथा वाचून दाखवा. मग एवढंच सांगा की पोर्न हा अभिनय असतो, कापून जोडलेला असतो, त्यातली शरीरं आणि मिनिटं मोजून स्वतःला कमी लेखायचं नसतं.

नेटवर मराठीत पुण्याच्या ‘तथापि’ संस्थेची ‘लेट्स टॉक सेक्शुअ‍ॅलिटी’ ही साइट मुलांसाठी चांगली आहे. भाषा सोपी, प्रश्न खरेखुरे. हिंदी-इंग्रजी चालत असेल तर ‘एजंट्स ऑफ इश्क’. पारोमिता व्होरा यांच्या या प्रकल्पाने संमतीवर चक्क एक लावणी केली आहे, शकुंतलाबाई नगरकर आणि मेघा घाडगे यांना घेऊन. सगळ्यांनी एकत्र बसून बघा. लावणी आपल्या घरांत चोरून ऐकली जायची, ती अशी उघड बघताना मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त मोकळं वाटतं. दिल्लीच्या ‘तारशी’ या संस्थेचं लेखन पालक-शिक्षकांसाठी उपयोगी. मासिकांत विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेलं ‘मिळून साऱ्याजणी’, आणि पुरुषांनी पुरुषांशी बोलावं म्हणून ‘मावा’ या मुंबईच्या संस्थेने काढलेला ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक. जुने अंक रद्दीत मिळाले तरी उचला. नेटवरचं काहीही वाचताना एकच कसोटी लावायला मुलांना शिकवा: शेवटी काही विकायला काढलं आहे का? तेल, गोळी, कोर्स, काहीही. काढलं असेल तर ती साइट बंद करायची.

कायद्याचं वाचन कंटाळवाणं असतं, म्हणून ते तुम्हीच तोंडी सांगा, पण सांगा नक्की. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती कायदा मानत नाही. वीस वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी, दोघांचं खरं प्रेम असलं तरी मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तशी मुलं तुरुंगात गेलेली मी पाहिली आहेत. अल्पवयीन व्यक्तीचे तसले फोटो काढणं, फोनमध्ये ठेवणं, ग्रुपवर पुढे पाठवणं, सगळे गुन्हे आहेत. मुलीला धाकात ठेवण्यासाठी मात्र हे वापरू नका. तिला एवढं कळू द्या की कुणी फोटोवरून धमकावलं तर ती तुमच्याकडे येऊ शकते आणि तुम्ही आधी तिचं ऐकून घ्याल. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर दोघांच्या फोनमध्ये असू द्या. आणि इमर्जन्सी गोळी ही संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, कधीतरी वेळ आली तर घ्यायची असते. ती नेहमीचं गर्भनिरोधक नव्हे, आणि लागणीपासून ती वाचवत नाही, तिथे निरोधच लागतो. हे माहीत असल्याने मुलं बिघडत नाहीत. माहीत नसल्याने काय होतं ते दर आठवड्याला माझ्या ओपीडीत दिसतं.

शेवटी तुमचे यजमान. ‘आता या वयात काय’ म्हणणारे पुरुष मला खूप भेटतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची इच्छा संपलेली नसते. ताठरता कमी झालेली असते, त्याची लाज वाटते, आणि उठून जाणं सोपं पडतं. पन्नाशीत याचं पुष्कळदा कारण मधुमेह, रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असतो. कधी कधी हृदयविकाराचीही ही आधीची सूचना असते. म्हणून पुस्तक राहू द्या, आधी त्यांची शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणायची नाही. विशेषतः छातीत दुखण्यासाठी नायट्रेटचं औषध चालू असेल तर ताठरतेसाठी घेतलं जाणारं सिल्डेनाफिल जिवावर बेतू शकतं. तुमचंही वय पाळी जाण्याचं आहे. कोरडेपणामुळे दुखत असेल तर त्यावर साधे, सुरक्षित उपाय आहेत आणि ते विचारायला लाजायचं कारण नाही. त्यांना म्हणा, ‘मला दुखतं, डॉक्टरांकडे सोबत चला.’ आपल्यात खोट काढली जातेय असं वाटलं की पुरुष येत नाहीत, बायकोला सोबत करायला मात्र येतात. एकदा दोघं माझ्यासारख्या कुणासमोर बसलात की अर्ध्या तासात त्यांचंही बोलणं सुरू होईल. येताना दोघांच्या चालू औषधांची चिठ्ठी तेवढी बरोबर आणा.